सहज जाण्याची सायकल

२ फेब्रुवारी, सकाळी पावणेदहा

गावच्या पाचही आळ्यांना नळाचं पाणी सोडून झालं. तक्रार एकच. चांगदेव म्हणतो धार बारीक. त्याची धार गेली बावीस वर्षं बारीक आहे.

आजपासून रोजनिशी, कारण निर्णय झाला आहे. येत्या एक जूनला मला पन्नास पूर्ण. एक जून ही तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावली. आई सांगायची, तू झालास तेव्हा मेंढरं घाटाखाली होती आणि मरणाची थंडी होती. पण कागदावर एक जून आहे, तेव्हा एक जून. आमची प्राची चाकणला कंपनीत आहे. तिने फोनवर सांगितलं, बाबा, पन्नाशीची भेट म्हणून तुम्हाला सायकल घेते, कुठली ते ठरवा आणि लिंक पाठवा.

ठरवलं. ग्रॅव्हल बाईक. दिसायला रेसच्या सायकलसारखी, पण टायर जाड. खडीवर, मातीवर, कॅनॉलच्या कडेने, कुठेही चालते. माझ्या वयाला आराम देणारी हवी, एवढी एकच अट.

कशासाठी हवी ते इथेच लिहितो, ही वही कुणी वाचणार नाही. थोरला भाऊ, भिकादादा, मेंढरं घेऊन निमगाव सावाला उतरला आहे. रानं मोकळी होतील तशी लोक खतासाठी त्याची मेंढरं रात्री रानात बसवून घेतील. मेपर्यंत मुक्काम. आमचं आठ वर्षं बोलणं नाही. भांडण नाही, फक्त बोलणं नाही. या मुक्कामात मी सहज जाऊन येणार आहे.

३ फेब्रुवारी

योजना. सकाळचं पाणी नऊला बंद. दुपारचं चारला चालू. मधे सात तास. आमच्या महाळुंग्याहून निमगाव सावा तीस किलोमीटर धरू. ताशी पंधराने दोन तास जायला, दोन यायला, तीन तास दादाजवळ. गणित चोख.

बायको निर्मला म्हणाली, त्यापरीस कळंबला जाऊन यष्टीत बसा, नारायणगावला गाडी बदला, जेवायच्या टायमाला तिथं. तिला कळत नाही. एस.टी.चा काय भरवसा. चारला मी नसलो तर गाव कोरडं. व्हॉल्व्ह फिरवणं गावात मला एकट्याला येतं. तिसऱ्या आळीला अडीच आटे आणि मग थोडं मागे. हे शिकवून येत नाही.

शिवाय एस.टी.ने गेलं की माफी मागायला आल्यासारखं दिसतं. हातात पिशवी, डोक्यावर टोपी, फाट्यापासून पायी. सायकलवर गेलं की कसं, इकडून चाललो होतो, डोकावलो.

माफी मागण्यासारखं काही घडलेलं नाही.

११ फेब्रुवारी

रोज दोन तास व्हिडिओ. एक पांढऱ्या दाढीचे परदेशी गृहस्थ आहेत, त्यांचं मी मानतो. वय झालेल्याने वाकून बसू नये. हँडल उंच हवं, जवळ हवं. टायर पंचेचाळीस मिलिमीटर. चढाला हलके गिअर. त्यांची भाषा समजत नाही, पण माणूस सज्जन वाटतो.

१९ फेब्रुवारी, दुपारी

सीटचं माप बसायच्या दोन हाडांमधल्या अंतरावरून ठरतं. पुठ्ठ्यावर बसायचं, खळगे पडतात, ते मोजायचे. द्राक्षाचं खोकं फाडून ओट्यावर बसलो. खळगे पडेनात. गृहस्थ पाय उचलून बसले होते, तसा बसलो. तेवढ्यात चांगदेव तक्रार घेऊन आला. म्हणाला, मच्छिंद्रभाऊ, अंडी उबवायला बसलाय का?

उठून खळगे मोजले.

माप एकशे तीस. किंवा एकशे पन्नास. खोकं दुमडलेलं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

टाकीखालच्या बिरोबाला कौल लावला. ज्वारीचे दोन दाणे ओले करून देवाच्या दोन खांद्यांना चिकटवायचे आणि विचारायचं. आधी उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. मेंढरं कुठल्या वाटेने न्यायची ते आजोबा असंच विचारत. मी विचारलं, फ्रेम स्टीलची घ्यावी का? स्टील धक्के खातं, पण जड असतं. दीड तास बसलो. एकही दाणा पडला नाही. देवसुद्धा घाई करत नाही, हे आपण शिकण्यासारखं आहे.

उठता उठता, दाणे लावलेलेच होते म्हणून, सहज विचारलं की सायकलची वाट न बघता दादाकडे आत्ताच जावं का. उजवा टपकन पडला. माझे हातही जोडून झाले नव्हते.

हा कौल धरता येत नाही. दीड तासात दाणा वाळला होता.

९ मार्च

मंचरला रामदासच्या सायकलच्या दुकानात गेलो. त्याने दोन ग्रॅव्हल बाईक दाखवायला ठेवल्या होत्या. मेंढा पारखतात तशा पारखल्या. आधी पाय, मग पाठीवरून हात, मग शिंगं धरून मान हलवायची. रामदास म्हणाला, राव, हँडल लई हलवू नका, केबल तुटंल. हँडल खाली वळलेलं, टोकं बाहेर फाकलेली. मुठीत धरलं तेव्हा ओळखीचं वाटलं. कुठे धरलं होतं ते आठवेना.

रामदास म्हणाला, तुमी आपली मधला दांडा खाली असलेली लेडीज सायकल घ्या, या वयाला पाय उचलून टाकणं जड जातं. म्हटलं, माझा पाय अजून उचलतो. उचलून दांड्यावर ठेवून दाखवला. काढायला त्याला हात द्यावा लागला, पण तो भाग वेगळा.

१६ मार्च

भिमाजी दुधाचा टेम्पो घेऊन रोज निमगाव सावापर्यंत जातो. दादाची खबर त्याच्याकडून कळते. तळ कॅनॉलच्या खालच्या अंगाला आहे. तानूबाई वहिनी बरी आहे. परवा बिबट्याने कोकरू नेलं. दादाने विचारलं म्हणे, मच्छ्या काय करतो? भिमाजीने सांगितलं, सायकल निवडतोय. दादा म्हणाला, निवडू दे सवडीनं.

कुठल्या आवाजात म्हणाला, असं मी भिमाजीला तीनदा विचारलं. तो म्हणाला, भाऊ, टेम्पो चालू व्हता, आवाज कसला ऐकू येतोय.

३० मार्च, गुढीपाडवा

आज बुकिंग करायचं ठरलं होतं. मुहूर्त हातचा गेला. चौदा सायकलींचा तक्ता तयार आहे, तेरा रकाने. प्राचीला पाठवला. ती म्हणाली, बाबा, आमच्या कंपनीत अख्खी मशीन घेताना एवढे रकाने नसतात.

अडलं आहे फक्त रंगावर. हिरवी घेतली तर मुद्दाम नटून आल्यासारखं वाटेल. मातकट रंग सहज वाटतो.

१२ एप्रिल

प्राचीने न विचारता ऑर्डर दिली. तक्त्यातली अकरा नंबरची. मातकट नाही, लाल. तरुण मुलांना धीर नसतो. देवाची इच्छा म्हणून स्वीकारली.

२० एप्रिल

सायकल घरी आली. तुळशीपाशी उभी करून हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. ओट्यावर वीस माणसं. निर्मला सगळ्यांदेखत म्हणाली, शिंगंच आणायची व्हती तर मेंढरं कशाला इकली?

लोक हसले. मीही हसलो. पण गैरसमज नको म्हणून लिहून ठेवतो. वडील, म्हणजे आबा, वारल्यावर मेंढरांची वाटणी झाली, निम्मी दादाला, निम्मी मला. लाल्या मेंढा माझ्या वाट्याला आला. त्याला दादाने बाटलीने दूध पाजून वाढवला होता हे खरं, पण वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली आणि चिठ्ठी ती चिठ्ठी. मी नोकरदार माणूस, मेंढरांचं काय करणार? व्यापाऱ्याचा टेम्पो बोलावून सगळी दिली. लाल्या चढेना, म्हणून मीच शिंगं धरून वर ओढला. दादा तिथेच उभा होता. तेव्हापासून बोललेला नाही.

यात माझी चूक कुठे, ते मी आठ वर्षं शोधतो आहे. मला शिकता यावं म्हणून दादा चौथीतून मेंढरांमागे गेला, असं लोक म्हणतात. गेला. पण ते लाल्याच्या कितीतरी आधीचं.

२२ एप्रिल

पहिली फेरी. घर ते टाकी आणि परत. आठशे मीटर. डेअरीसमोर उतरताना पाय दांड्यात अडकला आणि सायकलसकट बसलो. चांगदेव म्हणाला, मच्छिंद्रभाऊ, ह्या जनावराला येसण घाला आधी. दोन्ही हातांच्या करंगळ्या बधिर. सीट टोचते. आरामाच्या दृष्टीने निवड अचूक आहे, फक्त बसायला त्रास होतो.

२७ एप्रिल

सरावाचं वेळापत्रक. पहाटे बिबट्या, म्हणून नाही. सहा ते नऊ पाणी. दहानंतर ऊन. चार ते सात पाणी. सातनंतर पुन्हा बिबट्या. उरला वेळ: नऊ ते दहा. त्यातून अंघोळ, पूजा, न्याहारी वजा जाता दहा मिनिटं. दहा मिनिटांचा सराव रोज, म्हणजे महिन्याला पाच तास. कमी नाही.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

निघालो! सकाळी नऊ वीसला. सीटखाली पंक्चरचं सामान, खिशात दादासाठी तंबाखूची पुडी. कॅनॉलच्या कडेला लागलो, खडी टायरखाली करकरत होती, दोन्ही बाजूंना ऊस. मनात आलं, हे असंच चालत राहावं. अर्ध्या तासात चांगदेवचा फोन. पाणी गढूळ आलंय.

परत फिरलो. पाणी स्वच्छ होतं. हंडा गढूळ होता. पण माणसाला जबाबदारी सोडता येत नाही. एकूण अंतर साडेसहा किलोमीटर, जाऊन येऊन.

निर्मला म्हणाली, फोन घरी ठेवून गेला असता तर काय झालं असतं? काय झालं असतं म्हणजे?

७ मे

सीट बदलली. नवी जास्त टोचते. भिमाजीने ते दादाला सांगितलं. सांगायचं काही कारण नव्हतं. दादाने विचारलं म्हणे, केवढी असती ती सीट? भिमाजीने वीत दाखवली, इथून इथपर्यंत.

११ मे

भिमाजी म्हणाला, दादाचा मुक्काम हलणार, वीस तारखेच्या आसपास. मग दिवाळीपर्यंत इकडे फिरकणार नाही.

अठराला जातो. रविवार आहे, बिरोबाचा वार. आता यात बदल नाही.

१८ मे

बदल. परवा रामदास फोनवर म्हणाला की पन्नाशीतल्या गिऱ्हाइकांसाठी मधे खाच असलेली एक सीट एकवीसला येते आहे. चार दिवसांसाठी तीस किलोमीटर टोचून घेण्यात शहाणपण नाही. बावीसला नक्की. मेंढक्याची वीस म्हणजे पंचवीस असते, मी त्याच घरातला आहे, मला माहीत आहे.

आजकाल निर्मलाही दादासारखी गप्प असते.

२१ मे, दुपारी ४.१०, मंचर स्टँड

सीट काढून पिशवीत घेऊन एस.टी.ने मंचरला आलो. एवढ्याशा कामाला सायकल कशाला दमवायची. रामदासने तीन तास बसवून ठेवलं. नवी सीट मिळाली. बस नाही. चार वाजून गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा चारचं पाणी चुकलं. गावात बोंबाबोंब असणार. फोन हातात धरून बसलो आहे. अजून एकही आला नाही. रेंज नसेल.

४.३५. रेंज आहे.

२१ मे, सायंकाळी ६.३०

गावात शिरलो तर बायका भरलेले हंडे घेऊन चाललेल्या. चांगदेवच्या ओट्यावर त्याची पाइप लावलेली. म्हणाला, भाऊ, आज धार लई जोरात व्हती, काय केलंत?

दादा आला होता.

मेंढरं कॅनॉलवर वहिनीजवळ ठेवून तो दोन वाजता घरी आला. काल मुक्काम हलवला, ठरल्या तारखेला. इकडच्या वाटेने पेठच्या पठारावर चालला आहे. निर्मलाने चहा केला. दादा तांब्याभर पाणी प्याला. ओट्यावर उभी असलेली बिनसीटची सायकल त्याने बघितली. शिंगं धरली म्हणे, दोन्ही हातांनी, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, हलकी हाय.

माझी वाट बघत बसला. चार वाजले तसे निर्मलाच्या जिवाची घालमेल. दादा म्हणाला, चावी कुठं असती? दोघं गेले. व्हॉल्व्हची चावी दादाने फिरवली, सांगितलं निर्मलाने. तिसऱ्या आळीला अडीच आटे आन् मग वाईच मागं. मी तिला म्हटलं, तुला कसं ठाऊक? ती म्हणाली, बावीस वर्सं झोपेत पन तेच बोलताय.

पाच वाजता दादा गेला. ऊन उतरलं की मेंढरं बसून राहत नाहीत म्हणाला. जाताना सायकलीच्या उभ्या नळीवर, जिथे सीट असते तिथे, एक गुंडाळी ठेवून गेला. आबांच्या घोंगडीचा तुकडा. चार पदरी, कडा शिवलेल्या, खाली बांधायला दोन बंद.

पट्टी आणून मोजली. एकशे पन्नास मिलिमीटर. बरोबर.

२२ मे

मेंढरं आज आणि उद्या रात्री पेठला बटाट्याच्या रानात बसणार आहेत. चोवीसला सकाळी खेडच्या पलीकडे. निर्मलाकडे दादा तसं सांगून गेला. दोनदा सांगितलं म्हणे.

पेठ जवळ आहे. नवी सीट लावली, वर घोंगडी बांधली. टोचत नाही. पाण्याचं निर्मला बघेल म्हणते. म्हणजे तशी काहीच अडचण नाही.

फक्त पेठचा रस्ता सगळा हायवे. डांबरी. आपले टायर खडीचे. डांबरावर हे टायर ओढ घेतात, असं पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी स्पष्ट दाखवलं आहे. गुळगुळीत टायर मिळतील का, म्हणून रामदासला फोन केला. उचलला नाही. करेल.

२३ मे

निर्मला सकाळचं पाणी झाल्यावर एस.टी.ने पेठला गेली. निघताना तिने विचारलं, येताय का? सांगितलं, टायरचा फोन यायचा आहे. ती उंबऱ्यात जरा थांबली. मग गेली.

चारचं पाणी मी सोडलं. तक्रार नाही.

ती साडेसहाला आली. फडक्यात तीन भाकरी आणि लसणाची चटणी, वहिनीने दिलेली. भाकरी अजून मऊ होत्या. तिने सगळं सांगितलं. रान मोठं आहे, वाऱ्याला आहे. वहिनीचे गुडघे गेलेत. दादाने विचारलं, मच्छ्या का न्हाई आला? निर्मला म्हणाली, पाणी सोडायचं व्हतं. त्यावर दादा हसला. म्हणाला, पाणी तर मीबी सोडलं की. ती निघाली तेव्हा रस्त्यापर्यंत आला आणि विचारलं, सीटवर बसली का ती घोंगडी, का लहान झाली?

मी निर्मलाला विचारलं, तू काय सांगितलंस? ती म्हणाली, बसली म्हनलं. अजून त्यावर कोन बसलं न्हाई, ते सांगितलं न्हाई.

तंबाखूची पुडी तिच्याबरोबर द्यायची राहिली.

२४ मे, दुपारी ३.३०

रामदासचा फोन आला. गुळगुळीत टायर आठ दिवसांत मिळतील. पाठव म्हटलं. मेंढरं दिवाळीनंतर परत इकडे फिरतात. तेव्हा महिना थंडीचा, ऊन नाही, सराव झालेला. घाईने केलेल्या गोष्टीपेक्षा हे बरं.

दुपारी बिरोबाला गेलो. सवयीने दोन दाणे ओले करून लावले. विचारायला काही सुचेना.

उजवा पडला.